सोरायसिसच्या नव्या इंजेक्शनची चाचणी : बाबांनी सही करावी का?

प्रश्न असा आला आहे : "आम्ही निपाणी तालुक्यातले. बाबा ५८ वर्षांचे, चौदा वर्षांपासून सोरायसिस आहे. पाठ, कोपर, गुडघे आणि डोकं. मलमं झाली, गोळ्या झाल्या, एका ठिकाणची पुडीही झाली. आता बेळगावच्या एका हॉस्पिटलात नव्या इंजेक्शनची चाचणी आहे, त्यात घेऊ म्हणतात. २२ पानांचा कागद सहीला दिलाय, इंग्रजीत आणि कन्नडात. बाबांना दोन्ही नीट वाचता येत नाही. काहींना नुसतं पाणी टोचतात म्हणे. बाबांवर प्रयोग होऊ द्यायचा का? आई त्यांचा टॉवेल आणि ताट वेगळं ठेवते, ते बरोबर आहे का?"

सही अजून केली नाहीत हे चांगलं केलंत. नकार कळवला नाहीत हेही चांगलं केलंत. मी पंचवीस वर्षं बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातले त्वचेचे रुग्ण बघतो आहे, आणि त्यातली काही वर्षं अशा चाचण्यांमध्ये डॉक्टर म्हणून कामही केलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. बाबांनी भाग घ्यायला हरकत नाही, पण सही करण्याआधी एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर कागदावर कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा : चाचणी संपल्यावर बाबांना कोणतं औषध मिळणार, आणि त्याचे पैसे कोण देणार? इंजेक्शन लागू पडेल का, हे सगळे विचारतात. चाचणीनंतरच्या औषधाचा प्रश्न मात्र दहांतला एखादाच विचारतो, आणि नंतर पश्चात्ताप होतो तो त्यावरूनच.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेला सतत चिथावत राहते. निरोगी त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो. बाबांच्या चट्ट्यात तेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. पेशी पिकायच्या आत वर येतात आणि त्याचे खवले होऊन गादीवर पडतात. हे आयुष्यभराचं दुखणं आहे. आटोक्यात राहतं, वर्षानुवर्षं गप्पही बसतं, पण मुळासकट काढून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं. चाचणीत मात्र मोजमाप होतं ते बहुतेक वेळा बाराव्या किंवा सोळाव्या आठवड्याला. चौदा वर्षांचं दुखणं आणि सोळा आठवड्यांचं मोजमाप, यातलं अंतर लक्षात ठेवून पुढचं वाचा.

"प्रयोग" या शब्दाची भीती मला समजते. आपल्याकडे तो शब्द माणसावर वापरला की अंगावर काटा येतो. पण आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगतो, त्वचेचं नाही, बाळंतपणाचं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी केली. बाळंत झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर जीवघेणा रक्तस्राव कमी होतो का, एवढंच बघायचं होतं. १६२० बायकांनी भाग घेतला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी. गोळ्या गावातल्या परिचारिकाच देत होत्या. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या बाळंतिणीला आज ती गोळी मिळते, त्यात आपल्याकडच्या खेड्यांतल्या बायकांचा वाटा आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

आता "नुसतं पाणी टोचतात" याबद्दल. होय, काही चाचण्यांत काही जणांना औषध नसलेलं इंजेक्शन देतात. कोणाला काय मिळणार हे संगणक ठरवतो. रुग्णालाही कळत नाही, मलाही कळत नाही. हे का करावं लागतं, ते आपल्या हवेवरून सांगतो. बेळगावची थंडी पडली की डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे सोरायसिसवाल्यांची रांग लागते. त्वचा कोरडी पडते, चट्टे भेगाळतात. मार्च-एप्रिलमध्ये ऊन अंगाला लागलं की त्यातल्या बऱ्याच जणांना काही न करता उतार पडतो. आता जानेवारीत कोणी पुडी सुरू केली आणि एप्रिलला अंग साफ झालं, तर गुण कोणाचा, पुडीचा की उन्हाचा? शिवाय माणूस दवाखान्यात येतो तोच दुखणं सगळ्यात वर गेलेलं असताना. तिथून ते थोडं खाली येणारच असतं. शेजारी दुसरा गट ठेवल्याशिवाय हा फरक कळत नाही.

आकडे बघा. सेक्युकिनुमॅब या इंजेक्शनच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी शंभरातल्या ८१-८२ जणांचा आजार किमान तीन चतुर्थांशाने कमी झाला होता. खोट्या इंजेक्शनच्या गटात असे चार-पाचच होते. पण अडॅलिमुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनच्या २००८ च्या एका चाचणीत खोट्या औषधावरही शंभरातले १९ जण तितकेच सुधारले. कोणी आपल्या औषधाने बरे झालेले वीस रुग्ण उभे करून दाखवले की मला हे १९ आठवतात. आयुर्वेदाच्या औषधालाही मी हीच फूटपट्टी लावतो, माझ्या स्वतःच्या औषधालाही.

याच २००८ च्या चाचणीत आणखी एक गोष्ट होती, जी तुम्हाला थेट उपयोगी पडेल. त्यात तिसरा गट मेथोट्रेक्सेट या जुन्या, स्वस्त औषधाचा होता. अडॅलिमुमॅबवर ८० टक्के लोक सुधारले, मेथोट्रेक्सेटवर फक्त ३६ टक्के. वाचणाऱ्याला वाटेल, जुनं औषध निकामी. पण मेथोट्रेक्सेट त्यांनी आठवड्याला ७.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवलं होतं, आणि या औषधाचा गुण सावकाश येतो. सोळाव्या आठवड्याला मोजलं तर ते मागे पडणारच. २०१७ मध्ये दुसऱ्या एका चाचणीत तेच औषध इंजेक्शनाने, सुरुवातीपासून १७.५ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा सोळा आठवड्यांत ४१ टक्के लोक त्या पातळीला पोचले. खोट्या इंजेक्शनवर १० टक्के. म्हणून नवं औषध "जास्त चांगलं" म्हणतात तेव्हा कशापेक्षा, आणि त्या जुन्या औषधाचा डोस किती होता, हे विचारायला संकोच करू नका. तुमच्या बाबांना मेथोट्रेक्सेट पुरेशा डोसमध्ये, पुरेसे महिने कधी मिळालं होतं का? "गोळ्या झाल्या" एवढ्यावरून मला ते कळत नाही. जुन्या चिठ्ठ्या काढा. आणि ही गोळी घरात कधीही आली तर आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा.

चाचणीत बाबांना तपासतात कसं, तेही सांगतो, म्हणजे त्या दिवशी ते बिचकणार नाहीत. अंगावरचे सगळे कपडे जवळजवळ काढायला लावतात. खानापूरकडचे एक आजोबा होते, ७० च्या पुढचे. सदरा काढायला तयार नव्हते. बायकोशिवाय कोणी त्यांची पाठ वीस वर्षांत बघितली नव्हती. मी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर पाठवलं, खिडकी लावली, मग त्यांनी एकेक बटण सोडलं. मोजायचं साधन म्हणजे त्यांचाच हात. बोटं एकमेकांना जुळवलेला, बोटांसकट आपला तळवा म्हणजे आपल्या अंगाचा साधारण एक टक्का. पाठीवर अशा किती तळव्यांएवढे चट्टे आहेत ते बघायचं. मग डोकं, हात, धड आणि पाय या चारही भागांत लाली किती, जाडी किती, खवले किती, याला शून्य ते चार गुण. सगळ्यांचं गणित घालून शून्य ते ७२ मध्ये एक आकडा येतो, त्याला पासी म्हणतात.

या आकड्यात दोन अडचणी आहेत. गोऱ्या कातडीवर लाली लाल दिसते. आपल्या सावळ्या अंगावर ती जांभळट, तपकिरी दिसते आणि नवखा डॉक्टर गुण कमी देतो. मी शिकाऊ डॉक्टरांना सांगतो, चट्टा बोटाने दाबून बघा, शेजारच्या चांगल्या कातडीशी ताडून बघा, मग आकडा लिहा. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. निपाणीतल्या एक विडी वळणाऱ्या ताई माझ्याकडे येत. सोरायसिस फक्त तळहातांना आणि तळपायांना. बोटांच्या पेरांवर इतक्या खोल भेगा की पान दुमडलं की रक्त यायचं, आणि विड्यांवर डाग पडला की त्या विड्या मजुरीत धरत नसत. त्या सुपावर जुनं फडकं टाकून वळायच्या. अशा चाचण्यांत प्रवेशासाठी साधारणपणे अंगाचा दहा टक्के भाग व्यापलेला आणि पासी १२ च्या वर लागतो. दोन तळहात म्हणजे दोनच टक्के, तळपाय धरूनही दहाच्या खालीच. ताईंची रोजीरोटी गेली होती आणि आकडा म्हणत होता की आजार किरकोळ आहे.

त्यांना जीवनमानाची दहा प्रश्नांची यादीही विचारली होती. गेल्या आठवड्यात कातडीमुळे खेळायला अडचण आली का, असा त्यात एक प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, मी कधी खेळू? उत्तर "लागू नाही" असं नोंदलं गेलं, आणि "लागू नाही"ला शून्य गुण. कष्टकरी बाईचा त्रास असा कागदावर घटत जातो. बाबांना ही यादी विचारतील तेव्हा तुम्ही शेजारी बसा आणि शेतातल्या कामाच्या, झोपेच्या, लग्नकार्याला न जाण्याच्या गोष्टी त्यांना आठवून द्या. उत्तर मात्र त्यांचंच असू द्या.

आता त्या पुडीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. चार दिवसांत अंग लख्ख होतं, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा जातो. चाचणीत शिरण्यापूर्वी चालू औषधं काही आठवडे बंद करायला लावतात : मलमं साधारण दोन आठवडे, पोटातली औषधं चार आठवडे. हा काळ कठीण असतो, आजार उसळतो. त्यात पोटात स्टिरॉइड जात असेल आणि ते एकदम बंद झालं, तर अंगभर पू भरलेले बारीक फोड येऊ शकतात किंवा सगळं अंग लाल होऊन सोलवटून निघतं. थंडी वाजते, ताप येतो, माणसाला भरती करावं लागतं. बाबा अजून ती पुडी घेत असतील तर चाचणीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते रागावणार नाहीत. रागावले तरी सांगा. स्वतःहून एकदम बंदही करू नका.

सांधे दुखतात का, सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडलेली असतात का, तेही सांगा. पूर्वी घरात कोणाला टीबी झाला होता का, हे तर नक्की सांगा. ही नवी इंजेक्शनं प्रतिकारशक्तीचा एखादा धागा दाबून काम करतात, आणि आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो. अडॅलिमुमॅबच्या जातीच्या औषधांनी तो जागा होण्याचा धोका माहीत असलेला आहे. म्हणून छातीचा एक्स-रे, टीबीची आणि काविळीची रक्ततपासणी केल्याशिवाय कोणालाही आत घेत नाहीत. टीबीच्या भीतीने ही माहिती लपवू नका. झोपलेल्या जंतूवर आधी औषध देऊनही पुढे जाता येतं.

कागदाच्या भाषेबाबत तुम्ही जे लिहिलंय, त्यावर मी जरा ठासून बोलतो. बाबांना समजेल अशा भाषेत माहिती आणि संमतीपत्र देणं बंधनकारक आहे. त्यांना मराठी समजते, तर मराठी प्रत मागा. यात भाषेचं राजकारण काही नाही. माझ्या ओळखीचे कन्नड सहकारीही हेच सांगतात. मराठी प्रत तयार नसेल तर ती भाषांतर होऊन नीतिशास्त्र समितीकडून (चाचणीत रुग्णांचं हित जपलं जातं का ते बघणारी समिती) मंजूर होईपर्यंत थांबावं लागेल, पण थांबा. आलेली प्रतही डोळे झाकून घेऊ नका. एका प्रतीत मी "यादृच्छिक विभागणी" असा शब्द पाहिला होता आणि सही करणाऱ्या सहांपैकी एकालाही तो कळला नव्हता. मी "संगणकाने टाकलेली चिठ्ठी" म्हणतो, तेव्हा लगेच समजतं. कोणाला अक्षरओळखच नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवायचं असतं, आणि तो साक्षीदार चाचणीच्या माणसांपैकी चालत नाही.

२०१९ च्या नव्या औषधं व चाचण्यांच्या नियमांत रुग्णाच्या बाजूचं बरंच काही आहे. चाचणीमुळे इजा झाली तर गरज असेल तोवर उपचार फुकट, आणि नुकसानभरपाई वेगळी. संमतीपत्रावर वारसाचं नाव विचारतात ते त्यासाठी. त्यात अपशकून मानू नका. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे त्या हॉस्पिटलातले बाबांचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही झालेल्या कागदाची प्रत घरी न्यायची. २००९ पासून प्रत्येक चाचणीची राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे. कागदावर "सीटीआरआय"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो मोबाईलवर या नोंदणीच्या संकेतस्थळावर घालून नोंद बघा. क्रमांक नसेल किंवा सांगायला टाळाटाळ झाली, तर तिथेच विषय संपवा. औषधाचे किंवा तपासण्यांचे पैसे मागितले तरीही.

आता पुन्हा माझ्या पहिल्या प्रश्नाकडे. बाबांना खरं इंजेक्शन मिळालं आणि चौदा वर्षांनी पाठ साफ झाली, असं धरून चालू. मी अशी माणसं पाहिली आहेत. अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून येतात, चेहराच बदललेला असतो. मग चाचणी संपते. बहुतेकांचे चट्टे काही महिन्यांत परत येऊ लागतात. काही चाचण्यांच्या आराखड्यातच गुण आलेल्या निम्म्या लोकांचं औषध मुद्दाम थांबवून आजार कधी परततो ते बघायचं असतं. तसं तुमच्या कागदात आहे का ते शोधा. चाचणीनंतर औषध फुकट पुरवण्याची तरतूद नियमांत आहे, पण त्या आजारावर दुसरा उपाय नसेल तरच. सोरायसिसला दुसरे उपाय आहेत, त्यामुळे हक्काने मागता येईल असं समजू नका. कंपनीने स्वतःहून पुढे वर्ष-दोन वर्षं औषध द्यायचं ठरवलं असेल तर ते कागदात लिहिलेलं असतं. नसेल तर बाजारभावाने ही इंजेक्शनं वर्षभर घेणं उसाच्या बिलावर भागणारं नाही.

दीर्घ काळाचा दुसराही एक पैलू आहे. एफॅलिझुमॅब नावाचं सोरायसिसचं इंजेक्शन २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सुरुवातीच्या चाचण्यांत ते ठीक दिसलं. २००९ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांना मेंदूचा एक दुर्मीळ, प्राणघातक संसर्ग झाला. त्यांनी ते तीन वर्षांहून अधिक काळ घेतलं होतं. सोळा आठवड्यांत हे दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून चाचणी संपल्यावरही वर्षानुवर्षं बोलावून तपासणारी चाचणी मला जास्त विश्वासाची वाटते, येण्या-जाण्याचा त्रास धरूनसुद्धा.

तो त्रासही हिशेबात घ्या. पहिल्या महिन्यात बहुधा दर आठवड्याला यावं लागेल. निपाणीहून बेळगाव साधारण ७५ किलोमीटर. प्रवासखर्च मिळतो का विचारा, आणि ऊसतोडीच्या दिवसांत भेटी चुकणार असतील तर आधीच सांगा. अधूनमधून चुकलेल्या भेटींमुळे बाबांचंही नुकसान होतं आणि चाचणीचंही.

सगळं पटलं नाही, तर नको म्हणा. मेथोट्रेक्सेट नीट डोसमध्ये आणि यकृताच्या, रक्ताच्या तपासण्यांसह देऊन बघायची वाट मोकळीच आहे. दारू पूर्ण बंद ठेवावी लागेल, हे त्यांना आतापासून सांगून ठेवा. कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ पडतं, तिथे अतिनील किरणांचे उपचार घेता येतील. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, काही महिने.

राहिला आईंचा प्रश्न. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शिवल्याने नाही, उष्ट्याने नाही, एका गादीवर झोपल्याने नाही. गादीवर पडलेल्या कोंड्यानेही नाही. घराण्यात तो उतरू शकतो, पण ते रक्ताच्या नात्यातून, ताटातून नाही. आईंनी इतकी वर्षं काळजीपोटीच केलं असणार, त्यांना बोल लावू नका. पण बाबांचं ताट आज रात्रीच सगळ्यांच्या ताटांबरोबर मांडा, आणि टॉवेल त्याच दांडीवर वाळत घाला.